मेंदी, टॅटूचं स्टिकर आणि शाळेची चिठ्ठी

प्रश्न : ताई, आम्ही रेल्वे लाईन्सला राहायचो तेव्हा शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब होतं, आजोबा रेल्वेत, घरात बोलणं आपल्यासारखंच मराठी. पुढे ते सगळे इस्राएलला गेले पण त्यांच्या मुलीशी माझं फोनवर बोलणं चालूच असतं. तिची पोरगी तिकडे एका धार्मिक शाळेत चौथीत आहे. मावशीच्या लग्नात तिने दोन्ही हातांवर मेंदी काढली, शिवाय मैत्रिणीने मनगटावर फुलपाखराचं टॅटू स्टिकर लावून दिलं. रविवारी शाळेत गेली (तिकडे आठवडा रविवारी सुरू होतो) तर चिठ्ठी आली की अंगावर चित्रं चालत नाहीत, काढून या. पोरगी रडतीये की मी तोराचा (त्यांच्या मूळ धर्मग्रंथाचा) नियम मोडला का. तिची आई म्हणते आमच्या आजी-पणजीपासून मेंदी आहे, मग ते पाप कसं? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी आजच फोन करा आणि त्या पोरीला सांगा की तू काही मोडलेलं नाहीस. ज्यू धर्मात मुलगी 12 वर्षांची झाली की मगच तिला धर्माचे नियम बांधतात, मुलगा असेल तर 13. चौथीतली पोर त्याच्या खूप अलीकडे आहे. तिला मोठे शिकवतात, सवय लावतात ते ठीक, पण दोष तिच्या डोक्यावर येत नाही, आणि हे शाळेतल्या बाईंना चांगलं माहीत असतं, म्हणून चिठ्ठीत ते एका ओळीत लिहायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ नियम. तोराच्या तिसऱ्या पुस्तकात, म्हणजे लेवीय 19:28 मध्ये, मेलेल्या माणसासाठी अंगावर कापून घेऊ नका आणि अंगावर गोंदून घेऊ नका असं आहे. एवढंच. मग गोंदणं म्हणजे नक्की काय याची चर्चा मिश्नामध्ये येते, हा ग्रंथ साधारण इ.स. 200 च्या सुमाराचा, त्यातला मक्कोत नावाचा भाग. तिथे स्पष्ट म्हटलंय की नुसतं लिहिलं आणि टोचलं नाही तर दोषी नाही, नुसतं टोचलं आणि लिहिलं नाही तरी दोषी नाही, दोन्ही झालं, म्हणजे कातडी टोचून त्यात शाई, काजळ किंवा डाग राहील असं काहीही भरलं, तरच दोषी. मेंदीत सुई नाही, स्टिकरमध्येही नाही, दोन्ही वरच्या वर राहतात आणि काही दिवसांनी जातात. त्यामुळे तोराच्या त्या ओळीत दोन्ही बसत नाहीत.

पण शाळेची बाजू पण समजून घ्या हं, ती अगदीच हवेतली नाही. दोषी नाही म्हटलं की लगेच खुशाल करा असं होत नाही, ज्यू धर्मशास्त्रात बऱ्याच ठिकाणी असं असतं की शिक्षा नाही तरी करू नये. म्हणून काही पंडितांनी नुसतं अंगावर लिहिण्याबद्दलही शंका काढली. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावर पुढे झालेल्या चर्चेच्या ग्रंथात, तर एकाचं मत आहे की जखमेवर राख लावू नये, ती गोंदल्यासारखी दिसते. त्यावर ‘रव अशी’ नावाच्या पंडितांचं उत्तर मला फार आवडतं, ते म्हणतात जखम तिथेच दिसतीये ना, तीच सांगते की हे गोंदण नाही! म्हणजे नुसतं दिसण्यावरून नियम ताणू नये हेही तिथेच, त्याच पानावर आहे. आजचे बरेच रब्बी (ज्यू धर्मगुरू) लहान मुलांच्या स्टिकरला हरकत घेत नाहीत, काही म्हणतात नको, सवय लागते, मोठेपणी खरं टॅटू काढावंसं वाटेल.

मेंदीचं तर आणखी वेगळं. येमेनी, मोरोक्कन, बुखारी, कुर्दी ज्यूंमध्ये लग्नाआधी मेंदी पिढ्यानपिढ्या आहे आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींमध्ये तर आहेच, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हणायचे तीच ही मंडळी, पोहे-खोबऱ्याचा मलिदा करून एलियाहू हनाबी या संदेष्ट्याची आठवण काढणारी. शिर हशिरीम हे त्यांच्या पवित्र ग्रंथातलं प्रेमगीत आहे, त्यात एन गेदीच्या मळ्यातल्या मेंदीच्या फुलांचा घोस येतो. तेव्हा मेंदी बाहेरून आलेली, धर्माच्या विरोधातली गोष्ट आहे असं कुणी म्हणत असेल तर मला ते अजिबात पटत नाही. इस्राएलमध्ये मेंदीचे कार्यक्रम इतक्या घरांत होतात की शाळेला ते नवीन असायचं कारणच नाही.

एक बारीक पण कामाची गोष्ट. पावाचं जेवण असेल तर ते आधी विधीपूर्वक हात धुतात आणि पाण्याच्या व कातडीच्या मध्ये काही आडवं येऊ नये असा नियम आहे. मेंदीचा नुसता रंग आडवा येत नाही, शुल्हान आरूखमध्ये (योसेफ कारो यांचा धर्मनियमांचा ग्रंथ, 1565 ला व्हेनिसला छापला) बायकांनी शोभेसाठी रंगवलेल्या हातांचा असाच निकाल आहे, फक्त वाळलेला लगदा खरवडून काढायला हवा. स्टिकरचा मात्र वर पातळ पापुद्रा असतो, बोटांवर-तळव्यावर असेल तर त्यावर प्रश्न निघू शकतो. शिवाय शब्बाथला, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, लिहिणं आणि रंगवणं दोन्ही बंद, मिश्नामध्ये स्वतःच्या अंगावर लिहिण्याचासुद्धा वेगळा उल्लेख आहे. त्या वेळात स्टिकर लावलं असेल तर शाळेचं बोलणं बरोबर आहे, आणि मग ते बोलणं शब्बाथबद्दल हवं.

बाकी राहिला शाळेचा स्वतःचा नियम. मुलींच्या कडक धार्मिक शाळांमध्ये नेलपॉलिश, मेकअप पण चालत नाही, कारण साधेपणा आणि सगळ्या मुली सारख्या दिसाव्यात हा विचार. असा नियम करायचा हक्क शाळेला आहे आणि प्रवेश घेताना आपण तो मान्य केलेला असतो. माझं म्हणणं एवढंच की शाळेचा नियम असेल तर शाळेचा नियम आहे म्हणा, नऊ वर्षांच्या पोरीपुढे त्याला देवाची आज्ञा करू नका, कारण ती ते खरं मानते. आणि पुरिमच्या सणाला हीच मुलं वेष घेतात, तोंड रंगवतात, तेव्हा पोरांना प्रश्न पडणारच की.

तुमच्या मैत्रिणीने वर्गशिक्षिकेला शांतपणे भेटावं. स्टिकर तेल लावून काढून टाकावं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मेंदीबद्दल सांगावं की ही आमच्या समाजाच्या लग्नातली चाल आहे, रंग दोनेक आठवड्यांत आपोआप जाईल, तोवर तिला वर्गात सगळ्यांसमोर बोलू नका. हात घासून घासून लाल करू नका प्लीज, मेंदी तशी निघत नाही, कातडी तेवढी सोलते.

प्रश्न : माझ्या आईच्या हातावर, कपाळावर गोंदण होतं, म्हणून विचारतो. ज्यू लोकांत गोंदलेल्या माणसाला त्यांच्या दफनभूमीत जागा देत नाहीत हे खरं का? — सोलापूर

उत्तर : नाही. हे खूप ठिकाणी ऐकू येतं पण धर्मशास्त्रात असा नियम नाही. गोंदणं मना आहे, ते केलं तर चूक झाली, पण माणूस त्याने समाजाबाहेर जात नाही. रामबाम म्हणजे 12 व्या शतकातले मायमोनिडीज, ते याचं कारण देतात की मूर्तिपूजक लोक आपण अमक्या देवाचे दास आहोत हे दाखवायला अंगावर खूण गोंदून घ्यायचे. आणि दुसऱ्याने जबरदस्तीने गोंदलं तर त्या माणसावर दोष येत नाही, तो गोंदणाऱ्यावर. आउशवित्झच्या छळछावणीत ज्यांच्या हातांवर नंबर गोंदले ते तसेच नंबर घेऊन म्हातारे झाले आणि आपल्याच लोकांत पुरले गेले. तुमच्या आईचं गोंदण आपल्याकडच्या चालीचं, त्याला हा नियम लागतच नाही.

प्रश्न : नागपंचमीला मेंदी काढली म्हणून माझ्या मुलीला सोलापुरातल्या तिच्या शाळेत दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर काळ्या रंगाचा टॅटू काढून घेतला तेव्हापण ओरडा बसला होता. तक्रार करू का? — एक आई

उत्तर : दोन्ही एकत्र करू नका. शाळेने टॅटू नको म्हटलं तर ऐका, गड्ड्यातल्या काळ्या रंगाची मला स्वतःला जास्त काळजी वाटते. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी-तांबूस येतो, तासाभरात कुळकुळीत काळा होत असेल तर त्यात बहुतेक केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याने फोड येतात, डाग राहतात आणि एकदा अ‍ॅलर्जी झाली की ती पुढे जन्मभर राहू शकते. मुलीला खाज किंवा पुरळ असेल तर आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.

पंचमीच्या मेंदीसाठी दिवसभर बाहेर उभं करणं मात्र चूक आहे. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17, मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही, 6 ते 14 वयाच्या सगळ्या मुलांना तो आहे. आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या, तारीख टाका, एक प्रत सही-शिक्क्याची स्वतःकडे ठेवा, भांडणाची भाषा नको, फक्त काय झालं ते लिहा. उत्तर नाही आलं तर झेडपीत शिक्षणाधिकाऱ्यांकडे तीच प्रत घेऊन जा. आणि पुढच्या पंचमीला आदल्या दिवशीच डायरीत लिहून पाठवा की सण आहे, हाताला मेंदी असेल.