लॅपटॉप कोणता घ्यायचा, हे तुमच्या मुलीने आधीच ठरवलंय

प्रश्न : मी कळव्याला राहतो. रबाळे एमआयडीसीत फिटर आहे. मुलीला सीईटीत ८१ पर्सेंटाइल पडले, नेरूळला इंजिनिअरिंगला आयटी ब्रँच मिळाली. तिचं म्हणणं, ३५ हजारांत बसणारा छोटा, हलका लॅपटॉप बास. माझा पुतण्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, एआय शिकायचं तर ग्राफिक्स कार्डवाला मोठाच घ्यायला हवा. ८० हजारांचा बघून ठेवलाय, कंपनीच्या सोसायटीतून कर्ज काढेन. तिला सांगितलंय, एवढा खर्च करतोय तर चार वर्षांनी दहा लाखांचं पॅकेज दिसलं पाहिजे. लॅपटॉप हॉलमध्ये राहील, पासवर्ड माझ्याकडे. तेव्हापासून ती गप्प आहे. बाकीच्यांची मुलं मोठं काहीतरी मागतात, ही छोट्यावर समाधान मानते. हिच्यात जिद्दच नाही का? तिने केलेली यादी सोबत जोडली आहे.

उत्तर :

नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा लॅपटॉपसाठी वाचलं, दुसऱ्यांदा ‘ती गप्प आहे’ या तीन शब्दांसाठी.

पत्रासोबतचा कागद तुम्ही स्वतः नीट वाचलात का? हे विचारण्याचं कारण असं, की त्यातल्या एकाही ओळीचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. वहीचं फाडलेलं पान आहे. पट्टी लावून पेन्सिलीने चार रकाने आखलेत : वजन, बॅटरी, रॅम, किंमत. खाली सहा लॅपटॉप. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘डबा ६०० ग्रॅम, बाटली १ किलो, वह्या दीड किलो’. त्याखाली, ‘कळवा ते ठाणे उभं. ठाणे ते नेरूळ सकाळी सीट नाही.’ आणि सगळ्यात शेवटी, ‘अभ्यासिकेत प्लग ४.’

तुम्ही याला समाधान मानणं म्हणता. मी गेली अनेक वर्षं नौपाड्यात मुलांशी बोलते आहे. बारावी झालेल्या मुलांपैकी फार थोडी मुलं एखादी वस्तू मागताना ती कुठे, किती वेळ, कोणत्या अडचणीत वापरणार याचा विचार करून येतात. बहुतेक जण मॉडेलचं नाव घेऊन येतात. तुमच्या मुलीने आधी गरज लिहिली, मग अडचणी लिहिल्या, मग बाजारात काय मिळतं ते त्याच्याशी ताडून पाहिलं. तुम्ही फिटर आहात. एखादा पार्ट बसवण्याआधी तुम्ही माप घेता की आधी सगळ्यात मोठा पार्ट उचलता? तिने माप घेतलं आहे. इंजिनिअरिंगचं पहिलं लेक्चर व्हायच्या आधी.

आणि वजनाला नाक मुरडू नका. दोन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरून एक मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला होता. तक्रार अशी, की मुलगा कॉलेजात लॅपटॉप नेत नाही, घरीच ठेवतो, म्हणजे अभ्यासात लक्ष नाही. मी खालच्या रद्दीवाल्याकडून काटा मागवला आणि त्याची बॅग त्यावर ठेवली. आठ किलोच्या वर गेली. त्यात लॅपटॉप दोन किलो तीनशे, आणि चार्जरची ती वीट सहाशे ग्रॅमच्या पुढे. आई काट्याकडे बघतच राहिली. मुलाचं लक्ष अभ्यासात होतं, खांदा साथ देत नव्हता. तुमच्या मुलीला तर कळव्याहून फक्त स्लो लोकल, तीही डोंबिवली-दिव्याहून भरून आलेली. ती लेडीज डब्यात बॅग पुढे घेऊन शिरणार, ठाण्याला जिना चढून ट्रान्स हार्बरच्या फलाटावर पळणार, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट. सव्वा-दीड किलोचं मशीन रोज सोबत येतं. तीन किलोचं दिवाळीपर्यंत येतं.

आता मला जे खरोखर खटकलं ते.

दहा लाखांचं पॅकेज. हा आकडा तुम्ही तिला लॅपटॉपच्या बदल्यात सांगितलात. तुमचा हेतू वाईट नाही, हे मला दिसतंय. पगारातून दरमहा कापून जाणार, त्याचं काहीतरी चीज व्हावं असं कोणाही बापाला वाटेल. पण तिच्या बाजूने बघा. ८० हजारांचा लॅपटॉप तिने मागितलेला नाही. नको असलेल्या वस्तूचं कर्ज तिच्या नावावर चढलं, आणि फेड म्हणून चार वर्षांनंतरचा एक आकडा ठरला, तोही तिच्या हातात नसलेला. त्या वर्षी कंपन्या किती मुलं घेतील, बाजार कसा असेल, हे तिलाही माहीत नाही, मलाही नाही. मग पहिल्या सेमिस्टरला मॅथ्समध्ये केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर ती तुम्हाला सांगेल का? मला नाही वाटत. ती त्या लॅपटॉपकडे बघेल आणि गप्प बसेल, आत्ता बसली आहे तशीच. इंजिनिअरिंगला केटी लागलेली मुलं सावरतात. घरी सांगता न आलेली मुलं माझ्याकडे उशिरा येतात, तेव्हा एकाच्या चार झालेल्या असतात.

दुसरी गोष्ट पासवर्ड. ती मोठी झाली आहे. मतदार यादीत नाव घालायच्या वयाच्या मुलीच्या वहीवर तुम्ही कुलूप लावून किल्ली खिशात ठेवताय. प्रोग्रामिंग शिकताना माणूस दिवसभर चुकतो, लाल रंगात एरर येत राहतात, अर्धवट काहीबाही लिहून ठेवलेलं असतं. कोणी डोक्यावर उभं असलं की मूल चुकायला घाबरतं आणि तयार उत्तर कॉपी करून मोकळं होतं. तुम्हाला भीती वाटत असेल तर ती तिला शब्दांत सांगा : ऑनलाइन फसवणूक, ओटीपी, अनोळखी लोक. त्यावर तुम्ही दोघं बोलू शकता. पासवर्ड तिचाच राहू द्या. आणि मशीन हॉलमधून हलणारच नसेल तर लॅपटॉप घेऊच नका, डेस्कटॉप घ्या. तेवढ्याच पैशात जास्त ताकदीचा मिळतो. लॅपटॉपचे जादा पैसे आपण मोजतो ते तो बाहेर नेता येतो म्हणून.

तुमच्या पुतण्याच्या म्हणण्याबद्दल. ‘एआय शिकायचं तर ग्राफिक्स कार्ड हवंच’ हा गैरसमज मला सध्या आठवड्यातून दोनदा ऐकायला मिळतो. पहिल्या वर्षी मुलं काय करतात? मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री, ड्रॉइंग, आणि सी किंवा पायथनमधले छोटे प्रोग्राम. हे प्रोग्राम दहा वर्षं जुन्या मशीनवरही चालतात. पुढे डेटाबेस, वेबसाइट, जावा. त्याला लागते रॅम (चालू कामांसाठीची मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क). ग्राफिक्स कार्ड तिथे नुसतं बसून असतं, वजन वाढवतं, बॅटरी खातं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मशीन लर्निंगचा विषय येईल, तेव्हा एआयचं मॉडेल ट्रेन करायला, म्हणजे त्याला माहिती देऊन शिकवायला, ग्राफिक्स कार्डावरचा प्रोसेसर उपयोगी पडतो, हे पुतण्याचं बरोबर आहे. पण तो आपल्या बॅगेत असावा लागत नाही. गूगल कोलॅब आणि कॅगल या सेवांवर ब्राउझरमधून, दूरच्या सर्व्हरचा ग्राफिक्स प्रोसेसर ठराविक मर्यादेत फुकट वापरता येतो. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला तो पुरतो. आणि ज्या मोठ्या भाषा-मॉडेल्सची बातम्यांत चर्चा असते ती ८० हजारांच्या लॅपटॉपमधल्या चार-सहा जीबीच्या कार्डावरही ट्रेन होत नाहीत. मुलगी आर्किटेक्चरला असती, थ्रीडी डिझाइन किंवा गेम बनवण्याकडे तिचा ओढा असता, तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. आयटीला या खर्चाची गरज नाही.

आता थोडं तिच्याशी बोलते. हा भाग तिला वाचायला द्या.

बाळा, यादी चांगली आहे, पण तुझी पहिली पसंती मला अजिबात मान्य नाही. ११.६ इंची, सेलेरॉन म्हणजे कमी ताकदीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी म्हणजे एसएसडीहून हळू साठवण. किलोभर वजन आणि कमी किंमत बघून तू तो वर घेतलास. तो घेऊ नकोस. ६४ जीबीमधली बरीचशी जागा विंडोज आणि त्याचे अपडेटच खातात, ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की ४ जीबी रॅम संपते, आणि अशा मशीनमध्ये बहुतेकदा दोन्ही गोष्टी मदरबोर्डलाच जोडलेल्या असतात, नंतर वाढवता येत नाहीत. हलकं मशीन हवं हे खरं, पण त्याने काम तर केलं पाहिजे. तुझ्यासाठी तळाची रेघ अशी : १३ किंवा १४ इंची फुल एचडी स्क्रीन, दीड किलोच्या आतबाहेर वजन, ८ जीबी रॅम आणि ती १६ करता येईल असा मोकळा स्लॉट, ५१२ जीबी एसएसडी. २५६ मिळाली तरी चालेल, पण एसएसडीच हवी. चार्जिंग टाइप-सी असेल तर फार सोय होते, छोटा चार्जर पुरतो.

यादीत तू फक्त नवे लॅपटॉप धरलेस. ३५ हजारांत नवा म्हणजे कोअर आय ३ किंवा रायझन ३ प्रोसेसरच्या आसपास, तेही ऑफर बघून. ते वाईट नाहीत, बऱ्याचदा प्लास्टिकचे आणि थोडे जड असतात, इतकंच. पण त्याहून कमी पैशांत कंपन्यांनी वापरून बदललेले ऑफिसचे लॅपटॉप रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेले, मिळतात : लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. एलिटबुक ८३० जी ५ हे १३.३ इंची मॉडेल साधारण १.३ किलोचं आहे. थिंकपॅड टी ४८० जरा जड, १.६ किलोच्या आसपास, पण मजबूत, आणि त्याची रॅम बदलता येते. दोन्ही २०१८ च्या सुमाराचे, बहुतेक आठव्या जनरेशनच्या इंटेल प्रोसेसरचे. हा जनरेशनचा आकडा बघायचाच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेल कोअरच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं. दुकानदार सहाव्या-सातव्या जनरेशनचं मशीन स्वस्तात दाखवेल. नको म्हणायचं.

दुकानात घाई करू नकोस. विंडोजमधूनच बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. आत्ताची निम्म्यावर आली असेल तर नवी बॅटरी टाकून द्यायला सांग, कारण अभ्यासिकेतले ते चार प्लग तुला मिळणार नाहीत. नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबून बघ. बिजागरी हलवून बघ. सुरू होताना बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगला) जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, ते तपास. जीएसटीचं बिल आणि लेखी वॉरंटी हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. घरी टीव्ही असेल तर एचडीएमआय केबलने तो मोठा स्क्रीन म्हणून वापर, डोळ्यांना आराम मिळेल.

परत तुमच्याकडे वळते. ८१ पर्सेंटाइलचा विषय आता संपला, प्रवेश झाला आहे. गेट, एमबीए, परदेश हे सगळं तिसऱ्या वर्षी बघू.

पण पैशांबद्दल एक महत्त्वाचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरलात का? जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी योजना वेगळ्या आहेत. तुम्ही यात बसत असाल तर ही रक्कम लॅपटॉपपेक्षा कितीतरी मोठी आहे, तीही दर वर्षी. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा लागतो, सेतूत वेळ जातो, तेव्हा एक दिवस सुट्टी काढा आणि आधी ते काम उरका. कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात शेवटची तारीख विचारून घ्या. सोसायटीचं कर्ज तूर्त काढू नका.

दुकानात दोघांनी मिळून जा. दुकानदाराशी तिला बोलू द्या. तुम्ही शेजारी उभे राहा, तिने विचारलं तरच मत द्या. पुतण्यालाही बोलवा, बॅटरी रिपोर्ट वाचायला तो नक्की मदत करेल. आणि जाण्याआधी, त्या दहा लाखांबद्दल तिच्याशी एकदा बोला. ‘मी तेव्हा रागात बोललो, ते सोडून दे’ एवढंच म्हणालात तरी चालेल.

यादीचा मूळ कागद तिला परत द्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना दाखवायला त्याची एक झेरॉक्स मी ठेवू का, तेही तिलाच विचारा.