वाचकांचे प्रश्न : जुना आलेख संगणकात उतरवताना

प्रश्न : नळातील घर्षणांक (प्रवाहाला घर्षणामुळे होणाऱ्या विरोधाचे माप) काढण्यासाठी आम्ही छापील मूडी आलेख वापरतो. तो स्कॅन करून सॉफ्टवेअरने वक्रांवरचे बिंदू टिपले आणि स्प्रेडशीटमध्ये भरले. परंतु दोन बिंदूंच्या मधली उत्तरे आलेखावर डोळ्यांनी वाचलेल्या मूल्यांशी जुळत नाहीत. चूक कोठे होत असावी?

उत्तर : चूक बहुधा मधले मूल्य काढण्याच्या रीतीत आहे. या आलेखात रेनॉल्ड्स अंकाचा (प्रवाह संथ आहे की खळबळता, हे सांगणारा अंक) आडवा अक्ष आणि घर्षणांकाचा उभा अक्ष, दोन्ही लघुगणकीय आहेत, म्हणजे त्यांवर समान अंतर समान पट दाखवते. अशा मापपट्टीवर १ आणि १० यांच्या बरोबर मध्ये ५.५ नव्हे, तर सुमारे ३.१६ येतात. म्हणून टिपलेल्या मूल्यांचे आधी लघुगणक घ्यावेत, मधले मूल्य त्यांवरून काढावे आणि शेवटी प्रतिलघुगणक घ्यावा.

मात्र या आलेखासाठी बिंदू टिपण्याचे कष्टच घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मूडी यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखातील प्रक्षुब्ध (खळबळत्या) प्रवाहाचे वक्र कोलब्रुक यांच्या १९३९ च्या समीकरणावर आधारलेले आहेत. त्या समीकरणात घर्षणांक दोन्ही बाजूंना येत असल्याने तो हाताने काढणे जिकिरीचे होते आणि म्हणूनच आलेखाची गरज पडली. स्प्रेडशीट तेच काम चार-पाच आवर्तनांत (आलेले उत्तर पुन्हा समीकरणात घालून) करते. उदाहरणार्थ, रेनॉल्ड्स अंक १,००,००० आणि सापेक्ष खडबडीतपणा (नळाच्या आतील खडबडीतपणाची उंची भागिले नळाचा व्यास) ०.००१ असताना घर्षणांक ०.०२२२ येतो. आवर्तने नको असतील, तर स्वामी आणि जैन यांचे १९७६ चे थेट सूत्र वापरावे. वरील उदाहरणात त्याचे उत्तर ०.०२२३ येते, म्हणजे फरक १ टक्क्याहून कमी. रेनॉल्ड्स अंक साधारण २,००० पेक्षा कमी असेल, तर प्रवाह संथ असतो आणि घर्षणांकासाठी ६४ ला त्या अंकाने भागणे पुरेसे आहे. २,००० ते ४,००० या पट्ट्यात प्रवाहच अनिश्चित असतो. तेथे संगणकाने चार दशांश स्थळांपर्यंत दिलेल्या उत्तरावरही विसंबू नये.

ज्या आलेखामागचे सूत्र खरोखरच सापडत नाही, त्याचेच बिंदू टिपावेत. तो तीन मापपट्ट्यांवर सरळ रेषा टेकवून वाचायचा नोमोग्राम असेल, तर प्रत्येक पट्टीवरील खुणांची स्थाने आणि मूल्ये नोंदवून रेषेचा छेदबिंदू गणिताने काढावा; शेकडो उत्तरांचा तक्ता करत बसू नये. शेवटी, टिपताना न वापरलेली दहा-बारा मूल्ये मूळ कागदावर हाताने वाचून संगणकाच्या उत्तरांशी ताडून पाहावीत आणि आलेखाच्या छापील सीमेबाहेरचे इनपुट सॉफ्टवेअरने नाकारावे, अशी सोय करावी.