जुन्या कॅमेऱ्याचे रिचार्जेबल सेल गेलेत की कॅमेराच, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की बाबांचा जुना डिजिटल कॅमेरा दोन पेन्सिल सेलवर चालतो, सेल रात्रभर चार्ज केले तरी चार-पाच फोटोंत ‘बॅटरी बदला’ येतं, मीटरवर मात्र १.३ व्होल्ट दिसतात. दुरुस्तीवाला म्हणतो, कॅमेरा गेला. कृपा करून इतक्यात टाकून देऊ नका. मला तरी सेलच थकलेले दिसतात.

इथे मीटरचा आकडा फसवतो. तुमच्याकडचा रिचार्जेबल, म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड सेल मुळात १.२ व्होल्टचा, चार्जरमधून काढलेला म्हातारा सेलही नुसता मोजला तर १.३ दाखवतोच. पण वय झालं की त्याचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. लेन्स बाहेर येताना, फ्लॅश चार्ज होताना कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो, व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेरा समजतो की बॅटरी संपली. हेच सेल भिंतीवरच्या घड्याळात महिनोन्महिने चालतील, कारण घड्याळाला करंट लागतो नावालाच.

म्हणून लोड देऊन, म्हणजे सेलमधून करंट ओढत असतानाच मोजा. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) सुट्या पार्टच्या दुकानात १ ओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर मागा, अगदी स्वस्त असतो. पूर्ण चार्ज झालेला सेल थंड होऊ द्या. मग रेझिस्टर त्याच्या दोन टोकांना दहाएक सेकंद लावून धरा आणि तेव्हाच व्होल्ट वाचा. चांगला सेल १.२ च्या आसपास टिकून राहतो. आकडा भराभर १.१ च्या खाली घसरला, तर तो सेल कॅमेऱ्याच्या कामाचा उरला नाही. दोन्ही सेल वेगवेगळे मोजा. पुष्कळदा एकच गेलेला असतो आणि दुसऱ्यालाही घेऊन बुडतो. मीटर अँपिअरवर ठेवून थेट सेलला मात्र कधीही लावू नका, शॉर्ट होतो.

एवढी खटपट नको असेल तर नवे अल्कलाइन सेल घालून बघा. कॅमेरा नीट चालला तर तो ठणठणीत आहे. (अल्कलाइन कॅमेऱ्यात लवकर संपतात, तेव्हा ते फक्त तपासणीपुरते.) तेही चालले नाहीत तर सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्या आणि स्प्रिंग बघा. पांढरट-हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या इअरबडने पुसा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा गरमीत हे सेल चार्जही नीट घेत नाहीत आणि पडल्या पडल्या उतरतातही लवकर. चार्जर कूलरच्या खोलीत लावा. चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासून आपोआप थांबणारा हवा. नुसत्या टायमरवर चालणारे स्वस्त चार्जर सेल तापवून मारतात.

नवे घेताना ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ लिहिलेलेच घ्या. जपानच्या सान्यो कंपनीने २००५ मध्ये एनेलूप नावाचे सेल आणले तेव्हापासून हा प्रकार रुळला. ते महिनोन्महिने पडून राहिले तरी बराचसा चार्ज धरून ठेवतात. जोडी एकाच वेळी विकत घ्या, सेलवर मार्करने तारीख लिहा आणि जुन्याबरोबर नवा कधी घालू नका.