वाचक विचारतात : कूपर्सटाउनचं बेसबॉल मैदान पाहायला जाताना

प्रश्न : जूनमध्ये मुलाकडे न्यू जर्सीला जाणार आहोत. बेसबॉलचा जन्म झाला ते कूपर्सटाउनचं मैदान पाहायचंय. सौ.चे गुडघे दुखतात. एका दिवसात जाऊन येणं जमेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : जमेल, पण अंग मोडून येईल. न्यूयॉर्क शहरापासून हे गाव साधारण 320 किलोमीटर, गाडीने चार तास. म्हणजे साताऱ्याहून मुंबईपेक्षाही लांब. गावात विमानतळ नाही. जवळचं मोठं शहर ऑल्बनी, तेही 120 किलोमीटरवर. तेव्हा एक रात्र मुक्काम ठेवाच. फक्त जुलैअखेरचा हॉल ऑफ फेम सोहळ्याचा, म्हणजे थोर बेसबॉलपटूंच्या गौरवाचा, शनिवार-रविवार टाळा. दोन हजारांच्या आतल्या वस्तीच्या या गावात 2007 साली त्या सोहळ्याला सुमारे 75 हजार माणसं लोटली होती. खोल्या कित्येक महिने आधीच संपतात.

उन्हाळ्यात मेन स्ट्रीटवर गाडी लावायला जागा शोधत फिरू नका. गावाच्या कडेच्या वाहनतळावर गाडी ठेवून ट्रॉलीने आत या. सकाळी हॉल ऑफ फेमचं बेसबॉल संग्रहालय, दुपारी मैदान असा क्रम ठेवा. दोन्हींत पायी पाचेक मिनिटांचं अंतर आहे. संग्रहालयाला तीन तास लागतात आणि लिफ्ट आहे. तिथला ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आपला तळमजला. प्रदर्शनाची सुरुवात ‘सेकंड फ्लोअर’ला आहे, त्यामुळे आधी लिफ्टने वर जा आणि खेळाडूंच्या ब्राँझच्या पाट्यांचं दालन शेवटी, खाली उतरल्यावर पाहा.

आता ‘जन्मा’बद्दल. पुढे अमेरिकी सैन्यात जनरल झालेल्या अॅब्नर डबलडेने 1839 साली इथे बेसबॉल शोधला, असा निष्कर्ष बेसबॉलचं मूळ शोधायला नेमलेल्या मिल्स समितीने 1907 साली काढला. आधार मुख्यतः एका वृद्धाच्या आठवणीचा, आणि 1839 साली ते गृहस्थ होते जेमतेम पाच वर्षांचे! स्वतः डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. इतिहासकारांनी ही कथा केव्हाच निकालात काढली आहे. मैदान मात्र खरंखुरं जुनं आहे. फिनी नावाच्या माणसाच्या कुरणाच्या जागी 1920 पासून इथे बेसबॉल खेळला जातो. 12 जून 1939 रोजी संग्रहालयाचं उद्घाटन झालं, त्या दिवशीच्या सामन्यात बेसबॉलचा महान फलंदाज बेब रूथ इथे बॅटिंगला उतरला आणि कॅचरच्या (आपल्या यष्टीरक्षकासारखा) हातात झेल देऊन परतला.

रिकामं मैदान दहा मिनिटांत पाहून होतं. खेळ चालू असेल तो दिवस निवडा. मोसमात इथे शाळा, कॉलेज आणि हौशी संघांचे भरपूर सामने होतात. वेळापत्रक आधी पाहून ठेवा, आणि पाऊस आला तर सामना थांबतो किंवा रद्द होतो हे गृहीत धरा.

प्रश्न : आम्ही क्रिकेटवाले. बसायचं कुठे आणि पाहायचं काय? चेंडू अंगावर येतो म्हणतात. – एक वाचक, सांगली

उत्तर : येतो. विजय हजारेंच्या गावच्या माणसाला चेंडूची भीती नसावी, पण इथे तो वेगळ्या दिशेने येतो. होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेपासून, काटकोनात दोन रेषा निघतात आणि त्यांच्या आतच मारलेला फटका ग्राह्य. आपला लेट कट किंवा लेग ग्लान्स इथे ‘फाउल’ होऊन थेट प्रेक्षकांत. म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या (धाव घेताना गाठायचे थांबे, या दोन रेषांवरचे) बाजूला उघड्यावर बसलात, तर पिचर (गोलंदाज) हात फिरवेल तेव्हा मोबाइल खाली ठेवा. चेंडू सुमारे 145 ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूहून थोडा हलका, पण लागला तर तितकाच लागतो. होम प्लेटच्या मागचा छपराचा स्टँड सावलीचा. गुडघेदुखीवाल्यांनी तिथेच खालच्या रांगा धराव्यात आणि उशी न्यावी.

डावीकडचं कुंपण रेषेवर फक्त 296 फुटांवर आहे, म्हणजे 90 मीटर. मोठ्या लीगच्या मानाने हे जवळच, त्यामुळे होम रन (कुंपणापलीकडचा फटका, आपला षटकारच) पाहायला मिळण्याची शक्यता बरी. तीन खेळाडू बाद झाले की संघाची पाळी संपते. दोन्ही संघांची एकेक पाळी झाली की एक डाव. मोठ्यांचा सामना नऊ डावांचा, शालेय सामना बहुधा सातच डावांचा. नवख्याचा गोंधळ हमखास इथे होतो : तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर बाद. फाउल ही स्ट्राइक धरली जाते, पण दोन स्ट्राइक झाल्यावर फाउलने तिसरी धरली जात नाही. (बंट करताना, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवताना, फाउल गेला तर मात्र बाद.) म्हणून एकच बॅटर पाच-सहा फाउल मारून उभाच राहिला, तर पंच विसरले असं समजू नका.

प्रश्न : शाकाहारी माणसाला तिथे काय मिळेल? – एक वाचक, मिरज

उत्तर : बेसबॉलच्या मैदानावर हॉट डॉगचा बोलबाला, आणि तो मांसाचा. शेंगदाणे, पॉपकॉर्न, प्रेट्झेल चालतील. फ्रेंच फ्राइज घेताना त्याच तेलात चिकन तळतात का, हे विचारा. सांगलीचं भडंग बॅगेत असेल तर उत्तमच, पण आत न्यायला परवानगी आहे का ते दारावर विचारून घ्या.