फुटबॉलमध्ये डायरेक्ट फ्री किक (फाऊलनंतर मिळणारी, थेट गोल करता येणारी किक) कोणी घ्यावी, कॅप्टनने की स्टार स्ट्रायकरने?

दोघांपैकी कोणी नाही, ज्याचा पाय त्या जागेला जुळतो त्याने. गोलकडे तोंड केल्यावर उजव्या बाजूला फाऊल झाला तर डावखुरा, डावीकडे असेल तर उजव्या पायाचा. समोरच्या संघातल्या खेळाडूंची भिंत चेंडूपासून 9.15 मीटरवर असते. चेंडू तिच्यावरून चढून लगेच खाली यायला हवा. नुसती ताकद असणारा चेंडू स्टँडमध्येच पाठवतो! म्हणून दोघे ठरवून ठेवा आणि दोघांनाही चेंडूपाशी उभं करा, गोलकीपर शेवटपर्यंत गोंधळतो. एक-दोन चुकल्या म्हणून लगेच माणूस बदलू नका. 2001 मध्ये ग्रीसविरुद्ध इंग्लंडच्या बेकहॅमच्या आधीच्या बऱ्याच किक वाया गेल्या होत्या, इंज्युरी टाइममधली (शेवटी वाढवून दिलेल्या वेळेतली) मात्र थेट जाळ्यात गेली आणि इंग्लंड वर्ल्ड कपला पोचलं.