बौद्धिक अक्षमता असलेल्या २३ वर्षांच्या भावासाठी सपोर्ट प्लॅन कसा करायचा? (पुणे)

तुम्ही लिहिलंय की भावाची स्पेशल स्कूल १८ ला संपली, तेव्हापासून तो घरीच आहे, आईचे गुडघे गेलेत आणि एका संस्थेने जो 'वैयक्तिक आराखडा' करून दिला त्यात 'स्वावलंबन वाढवणे', 'सामाजिक कौशल्ये विकसित करणे' असलं काहीबाही लिहिलंय. मी सिंहगड रोडच्या बाजूला मोठ्या मुलांच्या कार्यशाळेत (शाळा संपलेली अशी मुलं रोज येऊन काम शिकतात ती जागा) स्पेशल टीचर आहे, असले कागद नेहमी बघते. वरचं नाव खोडून दुसऱ्या कुणाचं टाकलं तरी चालून जातं. फाइलला लावायला ठीक आहे, तुमच्या घरी त्याचा काही उपयोग नाही.

माझं म्हणणं एवढंच, की थेरपी आणि स्कीमच्या लिस्टपासून सुरुवात करू नका, त्याच्या दिवसापासून करा. एक वही घ्या आणि आठवडाभर तो उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करतो ते लिहा, आणि प्रत्येक कामात नेमकी कुठल्या पायरीला मदत लागते तेही. 'चहा करता येत नाही' असं नका लिहू. आमच्याकडे एका मुलाच्या घरचे अगदी हेच सांगायचे, प्रत्यक्ष बघितलं तर पठ्ठ्या पाणी बरोबर घेतो, साखर-चहापत्ती मापात, गाळतो पण नीट, फक्त एका हाताने नॉब फिरवून दुसऱ्या हाताने लायटर मारणं जमत नाही आणि भपकन पेटला की घाबरतो. मग इंडक्शन आणलं, संपला विषय. घरच्यांनी इतकी वर्षं कप आयता हातात दिला तो मायेनेच दिला, पण त्यामुळे त्याला काय येतं हेच कुणाला कळलं नाही. तुमच्या आईच्या बाबतीत पण असंच असणार, तिला रागावू नका, फक्त आठवडाभर थोडं थांबून बघायला सांगा. म्हणजे आधी नुसतं बघायचं, मग खुणेने, मग तोंडी आठवण, आणि अगदीच अडलं तर हात लावायचा.

वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करा, एकात त्याला काय हवंय, दुसऱ्यात आपल्याला त्याच्यासाठी काय हवंय. बहुतेक घरात दुसरा रकाना पाच मिनिटांत भरतो (वजन कमी, गोळ्या वेळेवर, रस्त्यावर जपून) आणि पहिला रिकामा, कारण त्याला कुणी विचारलेलंच नसतं. बोलणं कमी असेल तर मोबाईलवर जागांचे, माणसांचे, खाण्याचे फोटो दाखवा आणि तो कशावर थांबतो ते बघा. संध्याकाळी वॉचमनकाकांशेजारी खुर्ची टाकून बसायला आवडत असेल तर तेही प्लॅनमध्ये लिहायचं, त्याला 'टाइमपास' म्हणून उडवून लावायचं नाही. लोकांना उगाच वाटतं की प्लॅन म्हणजे शिकवण्याची कामंच असली पाहिजेत.

कार्यशाळेत यायचं तर पीएमपी बसचं पण असंच तुकडे पाडून बघा. नंबर ओळखता येतो का, पास दाखवता येतो का, उतरायचा स्टॉप कशावरून ओळखतो. दुकानाच्या बोर्डावरून ओळखत असेल आणि उद्या तो बोर्ड बदलला तर? आमची काही मुलं रोज एकटी येतात पण गणपतीत शिवाजी रोड, लक्ष्मी रोड बंद झाले की बस भलतीकडून जाते आणि त्यात ढोल, मग तीच मुलं गोंधळतात. म्हणून त्यांच्या प्लॅनमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की एरवी एकटा, त्या दहा दिवसांत कुणीतरी सोबत, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे कोण ते नावानिशी. प्लॅनमध्ये नाव आणि वार नसेल तर ते काम शेवटी आईवरच पडतं.

कागदपत्रांचं पटकन सांगते. यूडीआयडी कार्ड (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) आधी, त्यावर अक्षमता ४० टक्के किंवा जास्त असेल तरच बहुतेक सवलती मिळतात. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा पॉलिसी काढा, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही येतो. भाऊ १८ च्या पुढे आहे त्यामुळे कायद्याने सज्ञान, आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहात नाहीत. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली लोकल लेव्हल कमिटी असते, तिथे पालकत्वाचा अर्ज करता येतो. पण बँकेने सांगितलं म्हणून लगेच सगळे अधिकार स्वतःकडे घेऊ नका बरं का, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा रोख मर्यादित पालकत्वावर आहे, म्हणजे त्याच्याशी बोलून, त्याच्यासोबत निर्णय घ्यायचे. वडील सरकारी नोकरीत असतील तर फॅमिली पेन्शनसाठी त्याचं नाव वडील हयात असतानाच नोंदवून ठेवा, नंतर फार पळापळ होते. अवलंबून असलेल्या दिव्यांग माणसासाठी इन्कम टॅक्समध्ये वजावट असते (जुन्या कायद्यातलं कलम ८० डीडी), ती सीएला विचारा.

राहता राहिला 'संस्थेत ठेवायचं का' हा प्रश्न. आत्ता हो-नाही ठरवू नका. मुळशीच्या बाजूला कोळवणला साधना व्हिलेज आहे, मोठ्या मुलांसाठीच, अशा एखाद्या ठिकाणी आधी नुसतं त्याला घेऊन जाऊन या. कुठे थोडे दिवस राहायची सोय होत असेल तर आई हिंडतीफिरती असतानाच करून बघा, आणि सोबत ती वही द्या. आई हॉस्पिटलात आणि त्याच दिवशी तो अनोळखी घरात, असं झालं तर दोघांचेही हाल. तो तिथे जेवला का, झोपला का, परत आल्यावर फोटो दाखवले तर चेहरा कसा होतो, हे बघा आणि पहिल्या रकान्यात लिहा.