सही करण्याआधी वेळापत्रक माग

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुला व्हॉलीबॉलसाठी दोन कॉलेजांकडून आलेल्या दोन्ही ऑफर तुझ्या आईने मला पाठवल्या. कॅलिफोर्नियात व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली किती आणि त्यांतून निवड होणाऱ्या किती, हे मला ठाऊक आहे, म्हणून तुझं मनापासून कौतुक वाटतं. पण ‘एक कॉलेज बिग टेनमधलं आहे, मग तेच घेऊ ना काका?’ हे वाचलं आणि फोन न करता पत्र लिहायला बसलो.

बिग टेन ही एक कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत लीग खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. पण कॉन्फरन्स कॉलेजला जन्मभर चिकटलेली नसते. अमेरिकेच्या पश्चिमेकडची पॅक-१२ ही कॉन्फरन्स १९१५ सालची. जून २०२२ मध्ये तिच्यातल्या यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेनला जायचं जाहीर केलं. पुढच्या जुलैत कोलोरॅडोने निघायचं ठरवलं, आणि ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात आणखी पाच जणांनी: ऑरेगन व वॉशिंग्टन बिग टेनकडे, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट व युटा बिग १२ कडे. सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड आणि कॅलने (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स (एसीसी) धरली. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं, आणि लीग अटलांटिकची! मागे उरली ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. कॉन्फरन्सचा कारभार हाती राहावा म्हणून ती कोर्टात गेली, जिंकलीही. पण खेळायचं कुणाशी? बऱ्याच खेळांसाठी त्यांना दोन वर्षं वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सचा आसरा घ्यावा लागला. २०२१ मध्ये वॉशिंग्टन स्टेटमध्ये दाखल झालेल्या मुलीला चौथ्या वर्षी स्टॅनफर्डविरुद्ध लीगची मॅचच उरली नव्हती. तिने कॉलेज बदललं नव्हतं, तिचं काही चुकलंही नव्हतं.

हे सगळं अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही हक्कांपायी. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने फुटबॉल प्रक्षेपणावरची एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, पकड मोडली आणि पुढे कॉन्फरन्स स्वतःच चॅनेलांशी सौदे करू लागल्या. जिचा सौदा मोठा, तिच्याकडे कॉलेजांची रीघ. टेक्सासमधल्या एसएमयू विद्यापीठाने तर एसीसीत शिरायला नऊ वर्षांच्या टीव्हीच्या पैशांवर पाणी सोडलं. यूसीएलएच्या जाण्याने कॅलचं नुकसान झालं म्हणून दोघांच्याही वरच्या नियामक मंडळाने, रीजंट्सनी, यूसीएलएला कॅलला तीन वर्षं दरसाल १ कोटी डॉलर द्यायला लावले.

फुटबॉलची टीम आठवड्याला एक सामना खेळते, तोही बहुधा शनिवारी. तुमचे आठवड्याला दोन, त्यातला एखादा कामाच्या दिवशी. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीतल्या रटगर्सला जायचं म्हणजे जवळपास ४,००० किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. मी ज्या विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाचं बघायचो, तिथे हॉटेलच्या खोलीत परीक्षा घेतल्या आहेत. समोर ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर, मुलीच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी, आणि तासाभरात बस निघणार. तिने पेपर चांगला लिहिला, पण पुढच्या सत्रात तो विषयच सोडला. मला ते अजून लागून राहिलंय.

म्हणून कोचकडे गेल्या मोसमाचं प्रवासाचं वेळापत्रक माग. कुठल्या वारी निघाले, रात्री किती वाजता परतले, सगळं. मागायला संकोच करू नकोस. जो कोच हे दाखवायला कां-कूं करेल, त्याच्याविषयी तुला तेवढ्यावरूनच कळेल. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या खेळाडूशी कोच जवळ नसताना बोल. स्कॉलरशिप किती वर्षांची, हे लेखी घे. आणि तिथल्या बायोलॉजीच्या मुलांना विचार, गुरुवार-शुक्रवारची लॅब चुकली तर भरून काढू देतात का.

दुसरं कॉलेज छोट्या कॉन्फरन्समधलं आहे म्हणून त्याला आधीच फुली मारू नकोस. तिथले बहुतेक सामने बसने जाण्याइतके जवळ आहेत, हे मी नकाशावर पाहिलं.

वेळापत्रकं आली की मला पाठव. रविवारी तुझ्या लॅबच्या तासांशी ताडून बघू.

तुझा काका